प्लगच्या रोपातून क्लेमॅटिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की ब्रिटनमधल्या आपल्या मराठी घरांतून क्लेमॅटिस या फुलवेलीचे प्रश्न यायला लागतात. टपालाने खोकं आलेलं असतं, वर ताटलीएवढ्या जांभळ्या फुलाचं चित्र, आणि आत बोटभर उंचीचं रोप. आता याचं करायचं काय? जे प्रश्न सतत येतात ते इथे सोप्याकडून अवघडाकडे असे मांडले आहेत. उत्तरं ब्रिटनच्या हवामानाला धरून आहेत. भारतातल्या वाचकांनी आधी प्रश्न १८ पाहावा.

१. प्लग म्हणजे नेमकं काय? आणि ते इतकं स्वस्त कसं?

ट्रेच्या छोट्या कप्प्यात मुळं धरलेलं कोवळं रोप म्हणजे प्लग. क्लेमॅटिसच्या नावाजलेल्या जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत, म्हणून फांदीचे तुकडे रुजवून रोपं करतात. गुलाबाची फांदी आपण पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, खाली कापतो. क्लेमॅटिसचा तुकडा दोन पेरांच्या मधोमध कापतात. खाली नुसती काडी असते आणि वर दोन पानं, त्यांच्या बेचक्यात डोळे.

दुकानात मोठ्या कुंडीत मिळणारी वेल साधारण दोन वर्षांची असते. प्लग त्याच वेलीचं पहिल्या काही महिन्यांतलं रूप. उरलेलं संगोपन तुम्ही करणार, म्हणून किंमत कमी. ‘जंबो प्लग’, ७ सेंमी आणि ९ सेंमी कुंडीतली रोपं ही याच्याच पुढच्या पायऱ्या, आणि खालची बहुतेक उत्तरं त्यांनाही लागू पडतात.

२. पार्सल आत्ताच आलं. आज काय करू?

खोकं लगेच उघडा. दोन दिवस अंधारात राहिलेली पानं थोडी पिवळी दिसली तर घाबरू नका. मुळांचा गड्डा उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. कोरड्या गड्ड्यावर वरून पाणी घातलं तर ते बाजूने निघून जातं आणि आतली माती कोरडीच राहते. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कुंडीत लावा (प्रश्न ४).

रोप धरताना गड्डा धरा, काडी नको. या वेलीची काडी वरून चिवट वाटते, पण बुंध्याशी काचेसारखी मोडते.

३. थेट बागेत लावलं तर नाही का चालणार? कुंडीची कटकट कशाला?

नाही चालणार. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. प्लग थेट वाफ्यात लावलेल्या कितीतरी वेली उन्हाळा संपायच्या आत नाहीशा होतात, आणि लोक दोष जातीला, मातीला किंवा स्वतःच्या हाताला देतात.

कारण साधं आहे. प्लगची मुळं अंगठ्याएवढ्या मातीत असतात. वाफ्याचा वरचा थर मे महिन्यातल्या दोन कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत सुकतो आणि खालच्या ओलाव्यापर्यंत ही मुळं पोचलेली नसतात. शेजारची झुडपं आणि कुंपणाची हेज त्यांच्या वाट्याचं पाणी ओढून घेतात. वर कोंब एकच असतो. तो एका रात्री गोगलगायीने खाल्ला की मागे दुसरा डोळा उरत नाही. मोठं रोप हे सगळं सोसून पुन्हा फुटतं, कारण त्याच्या मुळांत साठा असतो.

म्हणून पहिला हंगाम कुंडीत, मुळांसाठी. फुलांची घाई या वर्षी करायची नाही.

४. कुंडी केवढी घेऊ? माती कोणती?

प्लगसाठी ९ सेंमी कुंडी. तळाच्या भोकांतून पांढरी मुळं दिसू लागली की एक-दोन लिटरची, शक्यतो उंच. क्लेमॅटिसची मुळं जाड, दोरीसारखी असतात आणि त्यांना खोली आवडते. ‘एकदाच मोठ्या कुंडीत लावून मोकळं होऊ’ असं बरेच जण म्हणतात, पण मुळं न पोचलेली माती थंड आणि चिकट राहते आणि त्यात कोवळी मुळं कुजतात.

चांगलं पीटविरहित कंपोस्ट (कुंडीत भरायचं तयार मिश्रण) घ्या आणि निचऱ्यासाठी त्यात मूठभर जाडसर वाळू किंवा पर्लाइट मिसळा. गड्डा कुंडीत थोडा खाली बसवा, म्हणजे खालचं पेर मातीखाली जाईल. त्या पेरातून पुढे नवे कोंब येतात.

रोपं पॉलिटनेलच्या (प्लास्टिकने झाकलेल्या लांब मांडवाच्या) उबेत वाढलेली असतात, म्हणून पहिला आठवडा-दहा दिवस ती दिवसा बाहेर, रात्री आत ठेवा. फ्रॉस्ट मेच्या उत्तरार्धापर्यंत केव्हाही पडू शकतो, उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडमध्ये त्यानंतरही. थंडी या वेलीला मानवते, फक्त कोवळ्या शेंड्याला जपायचं.

५. रोप जरा वाढलं की शेंडा खुडा असं सांगतात. जीव होत नाही. खरंच गरज आहे का?

आहे. क्लेमॅटिसला एकाच काडीवर उंच जायची सवय असते. काडी १५-२० सेंमी झाली की वरची पेरं नखाने खुडा. खालच्या जोडपानांच्या बेचक्यातले दोन्ही डोळे फुटतील. ते पुरेसे वाढले की पुन्हा खुडा. सप्टेंबरपर्यंत बुंध्यापासून तीन-चार काड्या झाल्या तर वर्ष सार्थकी लागलं. एका काडीची वेल मर रोगाच्या एका फटक्यात जाते (प्रश्न १३), चार काड्यांची तग धरते. पहिल्या वर्षी आलेली एखादी कळीही खुडून टाका असं मी सांगेन. पण तुमचं मन मोडणार असेल तर एक ठेवा.

६. शेकडो जाती आहेत. पहिल्यांदाच लावतोय, कोणती घेऊ?

विटिसेला गटातली. हे मी अगदी ठामपणे सांगते. फुलं मध्यम आकाराची, पण शेकड्यांनी, जुलै ते सप्टेंबर. मर रोगाला या वेली सहसा बळी पडत नाहीत आणि छाटणीला डोकं लागत नाही. ‘पोलिश स्पिरिट’ ही गडद जांभळी जात वॉर्साच्या मठातले जेझुइट ब्रदर स्टेफान फ्रांचाक यांनी तयार केली. ‘एत्वाल व्हायोलेट’ एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच जात, आजही तिच्या तोडीच्या थोड्याच.

मोठी फुलं हवीच असतील तर ‘जॅकमनाय’. सरेमधल्या वोकिंग गावी जॅकमन यांच्या रोपवाटिकेत ती १८६२ साली पहिल्यांदा फुलली आणि ब्रिटनमध्ये क्लेमॅटिसचं वेड पसरलं ते तिच्यामुळे. सावलीच्या भिंतीसाठी ‘नेली मोझर’, फिक्या गुलाबी पाकळीवर गडद पट्टा असलेली. कडक उन्हात तिचा रंग उडतो, उत्तरेकडच्या भिंतीवर टिकतो.

‘माँटाना’चं प्लग स्वस्त दिसतं म्हणून छोट्या बागेत आणू नका. ही आपल्या हिमालयातली वेल, १८३१ मध्ये भारताच्या माजी गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांच्यामार्फत ब्रिटनला आली. ती १० मीटरपर्यंत सहज जाते आणि शेड, शेजाऱ्यांचं कुंपण, पन्हळ सगळं व्यापते. मोठं झाड किंवा लांब भिंत असेल तर मात्र मे महिन्यात तिच्यासारखं दृश्य नाही.

७. कुंडीतून बागेत केव्हा आणि कसं हलवायचं?

एक-दोन लिटरची कुंडी मुळांनी भरली की. मार्चमध्ये लावलेली प्लग बहुधा त्याच सप्टेंबरात तयार होतात. तेव्हा जमीन उबदार असते आणि पाऊस सुरू झालेला असतो. रोप बारीक वाटलं तर हिवाळाभर कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा आणि एप्रिलमध्ये लावा. चिकणमाती असलेल्या बागेत मला एप्रिलच बरा वाटतो, कारण थंड पाण्यात मुळं सहा महिने बसत नाहीत.

खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद आणि खोल. तळाशी कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट मातीत मिसळून टाका. मोठ्या फुलांच्या आणि विटिसेला जाती कुंडीतल्या पातळीपेक्षा ५ ते ८ सेंमी खोल लावा. वरचा भाग कधी मेला तरी मातीखालचे डोळे वेलीला परत आणतात. अपवाद असा: ‘आर्मंडी’सारख्या सदाहरित आणि ‘अल्पिना’, ‘माँटाना’ यांसारख्या वसंतात फुलणाऱ्या वेली कुंडीतल्याच पातळीवर लावाव्यात.

८. ‘मुळं सावलीत, शेंडा उन्हात’ म्हणतात. मी बुंध्याशी दगड रचू का?

रचू शकता, पण खरी गरज ओलाव्याची आहे. दगडांपेक्षा पाच-सात सेंमी सालपटांचं किंवा कंपोस्टचं आच्छादन जास्त उपयोगी, आणि दगडांखाली गोगलगायींना आयतं घर मिळतं. आच्छादन काडीला टेकू देऊ नका. समोर जिरेनियमसारखं बुटकं झाड लावलं तर सावली आपोआप मिळते.

भिंतीलगत लावत असाल तर बुंधा भिंतीपासून किमान ३० ते ४५ सेंमी पुढे हवा. भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचतच नाही. रोप बांबूच्या काडीने तिरकं करून भिंतीकडे न्या.

९. लाकडी कुंपणाला वेल आपोआप चढेल ना?

नाही. आयव्हीसारखी ही भिंतीला चिकटत नाही. क्लेमॅटिस पानाच्या देठाने पकडते आणि तो देठ फक्त बारीक वस्तूभोवती वळतो: तार, जाळी, सुतळी, दुसऱ्या झुडपाची काटकी. बोटापेक्षा जाड खांब तिच्या उपयोगाचा नाही. कुंपणावर आडव्या तारा ३० सेंमी अंतराने ओढा किंवा जाळी ठोका. कोवळी काडी आठवड्यातून एकदा हाताने पसरवून सैल बांधा. सरळ वर गेली तर सगळी फुलं शेजाऱ्यांच्या बाजूला, आडवी पसरली तर तुमच्या खिडकीसमोर.

गुलाबावर चढवायची असेल तर विटिसेलाच घ्या. दोघांची छाटणी एकाच सुमारास येते.

१०. पाणी आणि खत किती?

बागेत लावल्यावर पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धी बादली, बुंध्याशी सावकाश. रोज शिंपडलेल्या चार थेंबांनी मुळं वरच राहतात. होजपाइपवर बंदी आली तर भाज्या धुतलेलं पाणी चालतं.

खत एप्रिलपासून, टोमॅटोचं पोटॅशयुक्त द्रवखत पंधरवड्याला एकदा. मोठ्या फुलांच्या जातींना कळ्या उमलायला लागल्या की थांबवा, बहर ओसरला की पुन्हा. नुसत्या नत्राने पानंच येतात. कुंडीतल्या नव्या प्लगला पहिले पाच-सहा आठवडे काहीच नको, कंपोस्टमध्ये तेवढं असतं.

११. फुलं कधी येणार? दोन वर्षं झाली, नुसती पानं!

प्लगपासून धरलं तर दुसऱ्या उन्हाळ्यात थोडी, तिसऱ्यात मनाजोगी. विटिसेला लवकर येतात, ‘आर्मंडी’ आणि ‘माँटाना’ जास्त वेळ घेतात.

तिसऱ्या वर्षीही पानंच असतील तर आधी छाटणीचा महिना आठवा. चुकीच्या गटाची छाटणी हे सगळ्यात सामान्य कारण (प्रश्न १२). मग ऊन मोजा, दिवसाला चार-पाच तास तरी हवं. त्यानंतर लॉनच्या खताकडे पाहा. त्यातलं नत्र वेलीच्या मुळांपर्यंत जातं.

१२. छाटणीचे तीन गट काही केल्या डोक्यात बसत नाहीत.

वेल केव्हा फुलते एवढंच पाहा.

वसंतात फुलणाऱ्या वेली (अल्पिना, माँटाना, आर्मंडी) गट १. कळ्या गेल्या वर्षीच्या काडीवर असतात, म्हणून छाटणी बहर संपल्यावर आणि तीही गरजेपुरती.

मे-जूनमध्ये मोठी फुलं देणाऱ्या (नेली मोझर, द प्रेसिडेंट) गट २. फेब्रुवारीच्या अखेरीस वरून खाली येत पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर कापा, मेलेलं आणि बारीक काढा, बाकी राहू द्या. जूननंतर बहरलेल्या काड्या थोड्या आखूड कापल्या तर ऑगस्टमध्ये दुसरा हलका बहर येतो.

जुलैपासून फुलणाऱ्या (विटिसेला, जॅकमनाय, टँगुटिका) गट ३. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळी वेल जमिनीपासून ३० सेंमीवर, निरोगी डोळ्यांच्या वर, सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) सरळ कापा. हात थरथरतो, पण फुलं नव्या फुटीवरच येतात. न कापलेल्या वेलीची फुलं आठ फुटांवर आणि खाली नागडे बुंधे असतात.

प्लगवाल्यांसाठी एक अपवाद. बागेत लावल्यानंतरच्या पहिल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गट कोणताही असो, वेल ३० सेंमीवर कापा. त्याने बुंध्यातून काड्या वाढतात. शेंडे खुडून आधीच चार काड्या मिळवल्या असतील (प्रश्न ५) तर याची गरज नाही. ‘आर्मंडी’ला या नियमातून वगळा, तिचे फक्त शेंडे खुडा.

लेबल हरवलं? एक वर्ष काहीच कापू नका आणि पहिलं फूल कुठल्या महिन्यात, जुन्या काडीवर की नव्या, ते टिपून ठेवा. चुकून कापली तर सहसा एका वर्षाचा बहर जातो, वेल नाही. जुनी, जाड खोडाची ‘माँटाना’ मात्र बुंध्यापासून कापल्यास कधीकधी फुटतच नाही.

१३. काल टवटवीत होती, आज माना टाकून काळी पडली. पाणी भरपूर आहे. काय झालं?

सगळ्यात कळकळीने आलेला प्रश्न हाच असतो. बहुधा कळ्या धरलेल्या असतात तेव्हाच हे घडतं.

तीन शक्यता पडताळा. पहिली, तहान: पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत पानं सावरली तर तीच. दुसरी, बुंध्याशी काडी मोडलेली किंवा गोगलगायीने सोललेली, बोट फिरवून पाहिलं की कळतं. अनेकांनी ‘रोग’ म्हणून पाठवलेले फोटो प्रत्यक्षात याचेच असतात. तिसरी, क्लेमॅटिसची खरी मर. ही ‘कॅलोफोमा क्लेमॅटिडिना’ या बुरशीमुळे होते. पानांचे देठ काळे पडतात आणि काडी कापली तर आत काळसर डाग दिसतो.

मर असेल तर डाग संपून स्वच्छ काडी लागेपर्यंत खाली कापत जा, गरज पडली तर मातीपर्यंत. कापलेलं घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, सिकेटर पुसून घ्या. घरगुती बागेसाठी यावर फवारणीचं औषध नाही. मग पाणी देत राहा आणि जागा राखून ठेवा. खोल लावलेली वेल (प्रश्न ७) काही आठवड्यांत किंवा पुढच्या वसंतात मातीतून पुन्हा येते. लगेच उपटू नका. त्याच जागी वारंवार होत असेल तर तिथे विटिसेला लावा.

१४. रोज सकाळी कोंब गायब! गोगलगायींचं काय करू?

प्लगच्या वयात हाच मुख्य शत्रू. रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या कडेखाली पाहा, दिवसा त्या तिथेच लपतात. कुंड्या जाळीच्या मांडणीवर उंच ठेवल्या तर निम्मं काम होतं. बागेत लावल्यावर प्लास्टिकच्या बाटलीचं तळ-तोंड कापून बुंध्याभोवती कॉलर करा. माती ५ अंशांच्या वर उबदार झाली की स्लगना (बिनशंखाच्या गोगलगायींना) मारणारे सूत्रकृमी पाण्यातून देता येतात. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे, शेडमध्ये जुना डबा असेल तर कौन्सिलच्या केंद्रात द्या. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, त्याही मोजक्याच.

१५. डिसेंबरात वेल पार वाळली. मेली का? टाकून देऊ?

टाकू नका! बहुतेक क्लेमॅटिस पानझडी आहेत आणि हिवाळ्यात वाळक्या सुतळीच्या गुंत्यासारख्या दिसतात. पेरांजवळ बारीक फुगीर डोळे आहेत का ते जानेवारीअखेर पाहा. कुंडीतल्या रोपाचे दिसले नाहीत तरी मेपर्यंत थांबा, कोंब मातीखालून येऊ शकतो. हिवाळ्यात कुंडी भिंतीच्या आडोशाला, तळाला पाणी साचणार नाही अशी ठेवा. घरात हीटरजवळ आणू नका.

१६. डबल फुलांची जात घेतली, आली सिंगल. दुसऱ्या एका वेलीला हिरवी फुलं आली. फसवलं का मला?

बहुधा नाही. बऱ्याच डबल जाती गेल्या वर्षीच्या काडीवर डबल आणि या वर्षीच्या नव्या फुटीवर सिंगल फुलं देतात. पहिल्या वसंतात आपण कडक छाटलेली वेल त्या वर्षी नव्या फुटीवरच फुलते, म्हणून सिंगल. पुढच्या वर्षीपासून गट २ सारखी हलकी छाटणी ठेवा.

हिरवट फुलं थंड, कमी उन्हाच्या वसंतात येतात. ऊन वाढलं की पुढची फुलं रंगावर येतात. पोटॅशची कमतरताही कारण असू शकते (प्रश्न १०).

१७. भाड्याचं घर आहे, शिवाय लहान मुलगी आणि मांजर. कायम कुंडीत ठेवली तर? आणि विषारी आहे का?

कुंडीत छान राहते. रुंदी आणि खोली दोन्ही ४५ सेंमीच्या आसपास, जड, आणि जॉन इन्स नंबर ३ सारखं मातीयुक्त मिश्रण. ठेंगण्या जाती निवडा. रेमंड एव्हिसन यांनी गर्न्सी बेटावर कुंडीसाठीच तयार केलेल्या बऱ्याच आहेत. उन्हाळ्यात रोज पाणी लागेल. कुंडीतली मुळं गूढपणे सडताहेत असं वाटलं तर वाइन वीव्हिल या भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या शोधा.

विषाचं म्हणाल तर रस त्वचेला झोंबतो आणि पोटात गेल्यास तोंडाची आग, उलट्या होऊ शकतात. छाटताना हातमोजे घाला, कुंडी रांगत्या मुलाच्या आवाक्यात ठेवू नका. मांजराने पानं चावलेली दिसली तर पशुवैद्यांना फोन करा.

१८. पुण्याला आईच्या गच्चीत लावायला हीच प्लग नेऊ का? आणि तिकडची रानजाई इथे आणता येईल?

पहिल्याचं उत्तर: नेऊ नका. मोठ्या फुलांच्या जातींना हिवाळ्यातली खरी थंडी आणि विश्रांती लागते, ती पुण्यात मिळत नाही. शिवाय एप्रिलचं ऊन मुळांना शिजवतं. आईला क्लेमॅटिसच हवी असेल तर सह्याद्रीत ती आहेच. रानजाई किंवा मोरवेल म्हणतात ती याच कुळातली. पावसाळा सरताना डोंगरउतारावरच्या झुडपांवर तिची पांढरी, नाजूक फुलं पसरलेली दिसतात. रानातून उपटू नका, उपटलेली वेल सहसा जगतही नाही. देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा.

दुसऱ्याचं उत्तर: बॅगेतून नाही. भारतातून ग्रेट ब्रिटनमध्ये लावायचं रोप आणायला फायटोसॅनिटरी (रोप निरोगी असल्याचं) प्रमाणपत्र लागतं, आणि उलट दिशेने भारतात न्यायला त्यासोबत आयात परवानाही. विमानतळावर रोप जप्त होतं. आणि सह्याद्रीतल्या उबेची वेल इथल्या फ्रॉस्टमध्ये बाहेर टिकणार नाही. पावसाळ्यानंतरच्या त्या पांढऱ्या बहराची आठवण हवी असेल तर इथे ‘टर्निफ्लोरा’ पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबरात बारीक पांढरी, सुगंधी फुलं येतात. तिला दक्षिणेची भिंत आणि भरपूर ऊन द्या, छाटणी गट ३ प्रमाणे, आणि प्लग असेल तर पुन्हा प्रश्न ३ पासून सुरुवात करा.